ऑक्झॅलिकचं उत्तर निम्मं का येतं?

प्रश्न : बाई, मी देवगडला अकरावी सायन्सला आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या १० मिली द्रावणाला ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १२.४ मिली लागलं, तर हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी (लिटरमागे मोल) किती? मी एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू लावलं, ०.०६२ आलं. पुस्तकात ०.१२४ आहे. काका नॉर्मॅलिटीने करतात, त्यांचं बरोबर येतं. माझं सूत्रच चुकीचं आहे का?

उत्तर : सूत्र चांगलं आहे, फक्त ते इथलं नव्हे. एकाच द्रावणात पाणी घालून ते पातळ करताना ते हमखास चालतं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणाला दुसरं किती पुरतं ते थेंबाथेंबाने मोजताना, दोन वेगळे पदार्थ असतात आणि कोणाला कोण किती पुरतं हे समीकरण पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या गणितात बहुतेक ठिकाणी हायड्रोक्लोरिक आम्ल देतात, तिथे एकास एक प्रमाण असल्यामुळे हे सूत्र बरोबर उत्तर देतं आणि पोरांना वाटतं, झालं, जमलं! ऑक्झॅलिकच्या एका रेणूत मात्र देण्याजोगे दोन हायड्रोजन आहेत. चतुर्थीला पानावर प्रत्येकी दोन मोदक वाढायचे असताना तू पानं मोजून तेवढेच मोदक उकडलेस, म्हणून निम्मे आले.

आता सूत्र बाजूला ठेव. मोलॅरिटीला मिलीने गुणलं की मिलिमोल मिळतात. ०.०५ गुणिले १२.४ म्हणजे ०.६२ मिलिमोल आम्ल. त्याला दुप्पट हायड्रॉक्साइड लागणार, म्हणजे १.२४ मिलिमोल. ते होतं १० मिलीत, म्हणून ०.१२४ मोलर. लिटरमागे ग्रॅम विचारले तर ४० ने (एका मोल हायड्रॉक्साइडचं ग्रॅममधलं वजन) गुण : ४.९६. काकांच्या पद्धतीत हा दोन आधीच नॉर्मॅलिटीत शिरलेला असतो, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक म्हणजे ०.१ नॉर्मल. त्यांचं चूक नाही, पण तू सध्या तो दोन डोळ्यांसमोर ठेव.

हायड्रॉक्साइड आपणच वजन करून बनवलं, मग त्याची मोलॅरिटी पुन्हा कशाला काढायची, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. जुलैत आपल्याकडे त्याच्या पांढऱ्या गोळ्या वॉच ग्लासवर काढून बघ. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत त्या ओल्या चकचकीत होतात आणि काचेला चिकटतात. हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतात, त्यामुळे चार ग्रॅम म्हणून घेतलेलं चार ग्रॅम नसतंच. ऑक्झॅलिकचे स्फटिक तसा दगा देत नाहीत, म्हणून मापदंड त्यांचा. त्यांच्यात पाण्याचे दोन रेणू धरलेले असतात, तेव्हा वजन करताना १२६ धर, ९० नव्हे. २५० मिली ०.०५ मोलर द्रावणाला १.५७५ ग्रॅम.

आणि पहिलं ढोबळ रीडिंग सरासरीत घेऊ नकोस. फिनॉल्फ्थॅलिन या निर्देशकाचा (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचा) गुलाबी रंग जाईपर्यंत सरसर सोडलेलं ते रीडिंग, सीबीआरमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा तेच येणाऱ्या ब्युरेट रीडिंगमध्ये, त्याचं काही काम नाही.

प्रश्न : मी सावंतवाडीजवळ घरगुती कोकम आगळ करते. पुण्याच्या गिऱ्हाईकाने आम्लता विचारली. मुलाने कॉलेजात टायट्रेशन करून ०.३८ टक्के सांगितली. १० मिली आगळ पाणी घालून १०० मिली केलं, त्यातलं १० मिली घेतलं, ०.१ मोलर हायड्रॉक्साइड ६ मिली लागलं. पण आगळ तर जीभ आंबवून टाकतं! रंगही नीट कळला नाही म्हणतो.

उत्तर : ताई, तुमच्या जिभेवर विश्वास ठेवा. हायड्रॉक्साइड ०.६ मिलिमोल लागलं. सायट्रिक आम्लाला तीन लागतात, म्हणून आम्ल ०.२ मिलिमोल, म्हणजे १९२ ने गुणून ३८.४ मिलिग्रॅम. इथपर्यंत मुलाचं बरोबर. हे आम्ल त्याने १० मिली आगळातलं धरलं. प्रत्यक्षात पिपेटमध्ये आगळ होतं १ मिली, बाकी ९ मिली पाणी. म्हणजे १०० मिलीत ३.८४ ग्रॅम. कोकमाचं स्वतःचं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक असतं, पण असे आकडे सायट्रिकमध्ये सांगायची पद्धत आहे, लेबलवर तसं लिहा. मिठाने या मोजणीत फरक पडत नाही.

रंगासाठी पिपेटने घेतल्यावर फ्लास्कमध्ये आणखी ५० मिली डिस्टिल्ड पाणी घालायला सांगा, विहिरीचं नको. हे पाणी हिशेबात धरायचं नाही, कारण आगळ आधीच मोजून झालेलं असतं, ते कमी होत नाही. शंभर मिली करतानाचं पाणी मात्र धरायचं, कारण त्यातला दहावा हिस्साच पुढे घेतला. एवढं करूनही कोकमाचा लाल रंग अल्कात स्वतःच बदलतो आणि फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी त्यात हरवतो. कॉलेजात पीएच मीटर असेल तर निर्देशक न घालता ८.२ पर्यंत हायड्रॉक्साइड सोडून थांबायचं.