नियम मोठे की सद्गुण?

प्रश्न : तत्त्वज्ञ ॲलिस्डेअर मॅकिंटायर (१९२९-२०२५) यांनी सद्गुणांवर लिहिलं आणि ख्रिस्ती धर्मचिंतक टॉमस ॲक्वायनसचा ‘नैसर्गिक कायदा’ही, म्हणजे बुद्धीला उमजणारे नीतिनियम, उचलून धरला. माणूस घडवणं वेगळं, नियम लावणं वेगळं. दोन्ही एकत्र नांदतात कसे? देव न मानणाऱ्यानं त्यातलं काय घ्यावं?

उत्तर : मीही इथेच बरीच वर्षं अडले होते. ‘कायदा’ म्हटलं की डोळ्यांपुढे कलमं आणि शिक्षा येतात. ॲक्वायनसचं १३व्या शतकातलं पहिलं सूत्र एवढंच आहे : चांगलं ते करावं, वाईट ते टाळावं. ते उमजायला माणसाची बुद्धी पुरते, असं तो म्हणतो.

मॅकिंटायर यांनी पुढे जोडलेला दुवा मला फार मोलाचा वाटतो. आपलं भलं कशात आहे हे एकट्याला कळत नाही. चारचौघांत बोलून, वाद घालून उमगतं. पण जो जिवावर उठेल, खोटं बोलेल, शब्द फिरवेल, त्याच्याशी बोलायचं कसं? म्हणून जीव घेऊ नये, खोटं बोलू नये, शब्द पाळावा हे नैसर्गिक कायद्याचे नियम म्हणजे एकत्र विचार करण्याची पूर्वअट. आणि धाकाशिवायही ते पाळले जावेत, तर अंगी सद्गुण मुरलेले हवेत.

१९८१च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या पुस्तकात सद्गुणांचा विचार करताना त्यांनी जीवशास्त्र बाजूला ठेवलं होतं. १९९९च्या ‘डिपेंडंट रॅशनल ॲनिमल्स’मध्ये ‘तेव्हा चुकलो’ अशी सरळ कबुली दिली. माणूस आधी प्राणी आहे. बालपणी, आजारपणात, म्हातारपणी दुसऱ्याच्या हाती असलेला. हे पुस्तक मी आईच्या खाटेशेजारी बसून वाचलं. पक्षाघातानं तिची उजवी बाजू गेली होती. पाणी चमच्यानं पाजायचं, गळा हलला की मगच पुढचा चमचा. जरा घाई झाली की ठसका. वर्गात मी वीस वर्षं ‘स्वायत्त व्यक्ती’ शिकवली होती. त्या व्यक्तीला कुणी पाणी पाजल्याचा उल्लेख माझ्या टिपणांत कुठेच नव्हता.

आता देवाचं. मॅकिंटायर मार्क्सवादाकडून आले आणि पन्नाशीनंतर कॅथलिक झाले. पण ॲक्वायनस ज्याला ‘मिसेरिकॉर्दिया’ म्हणतो, म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपलं मानून धावून जाणं, ते श्रद्धेबाहेरच्या जगातही ओळखू येतं, असं ते ठामपणे सांगतात. आईची कूस बदलायला येणारी आमची शेजारीण कुठल्याच देवाला मानत नव्हती. रात्री दोनला हाक मारली तरी अनवाणी यायची.

वाचायला घेणार असाल तर १९९९चं पुस्तक आधी घ्या. त्यातला डॉल्फिनांचा भाग गाळू नका. माणूस आधी प्राणी आहे, हे तिथूनच उलगडत जातं.