'घरी बाथरूममध्ये पडला' असं लिहून सही करू का?

प्रश्न: आमच्या प्रेस शॉपमध्ये साठ कामगार आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये ठेकेदाराकडच्या एका मुलाच्या उजव्या तर्जनीची दोन पेरं पॉवर प्रेसमध्ये (पत्रा कापणाऱ्या यंत्रात) तुटली. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विम्यात) त्याची नोंदच नव्हती. मालकांनी खासगी हॉस्पिटलचं बिल भरलं आणि 'चूक माझी, तक्रार नाही' असं त्याच्याकडून लिहून घेतलं. आता मला सांगतात, अपघात वहीत 'घरी बाथरूममध्ये पडला' असं लिही आणि आजची नेमणूक दाखवून त्याची नोंदणी कर. मी एचआर सांभाळतो. सही केली तर अडकेन का?

उत्तर: अडकाल. दुसऱ्याला देणं चुकवता यावं म्हणून जाणूनबुजून खोटं निवेदन करणाऱ्याला ईएसआय कायद्याच्या कलम 84 मध्येच कैद किंवा दंडाची शिक्षा होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही असं निवेदन गुन्हाच आहे. 'साहेबांनी सांगितलं' हा बचाव होत नाही. शिवाय ही थाप टिकणारीही नाही. हॉस्पिटलच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी 'प्रेसमध्ये बोट सापडले' असं लिहिलेलं असणार. बाथरूममध्ये पडून दोन पेरं सरळ रेषेत छाटली जात नाहीत.

मालक ज्या तीन गोष्टींच्या भरवशावर आहेत, त्यांतली एकही कामाची नाही. 'तो ठेकेदाराचा माणूस' हे तर सोडाच. वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावरच असते (ईएसआय कायद्याचं कलम 40). लिहून घेतलेला कागद ईएसआय महामंडळाला बांधत नाही, कारण लाभ महामंडळाने द्यायचा असतो. उरला 'चूक त्याची' हा मुद्दा. अपघात सप्टेंबरमधला, म्हणजे लाभाचा हिशेब जुन्या कायद्याने. त्याचं कलम 51-बी सांगतं की कामगाराने नियम मोडला असला, तरी तो मालकाच्याच कामासाठी मोडला असेल तर ती कामावरचीच इजा. बहुतेक प्रेस शॉपमध्ये दोन्ही हात यंत्राबाहेर राहावेत म्हणून दिलेल्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं सापडतं, कारण मग एका हाताने पत्र्याची पट्टी सरकवत राहता येते आणि उत्पादन वाढतं. ते कोणाच्या फायद्याचं, हे मालकही जाणतात.

आता काय करायचं? नोंदणी करा, पण नेमणुकीची खरी तारीख टाकून. तेव्हापासूनची वर्गणी 12 टक्के व्याजासह भरा. कामगाराचा 0.75 टक्के हिस्सा त्या त्या महिन्याच्या पगारातून कापला नसेल तर आता कापता येत नाही, मालकाच्या 3.25 टक्क्यांसह सगळे चार टक्के मालकांनीच सोसायचे. पंधरा हजार पगारावर हे महिन्याला 600 रुपये होतात. एवढ्यासाठी ही वेळ आली. अपघात वहीत खरी नोंद आणि फॉर्म 12 चा अहवाल उशीर झाला तरी पाठवा, उशिराचं कारणही लिहा. कामावरच्या इजेसाठी किमान वर्गणीची अट नसते, त्यामुळे त्याचा हक्क बुडत नाही; वसुली महामंडळ मालकाकडून करू शकतं.

त्याला मिळणारी रक्कम मालकांपुढे मांडा. कामावर येता आलं नाही तितके दिवस मजुरीच्या 90 टक्के. पुढे वैद्यकीय मंडळ कायमचं अपंगत्व ठरवेल. तर्जनीची दोन पेरं म्हणजे त्याच कायद्याच्या परिशिष्टानुसार 11 टक्के. रोजची सरासरी मजुरी 500 धरली तर 450 च्या 11 टक्के, म्हणजे रोज 49 रुपये 50 पैसे, जन्मभर. कुणी त्याला कामगार भरपाई आयुक्तांकडे जायला सांगत असेल, तर ईएसआय कायद्याच्या कलम 53 मुळे तो दावा फेटाळला जाईल. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना त्याला काढता येत नाही, काढल्याची नोटीसही बेकायदा ठरते. ठेकेदाराला हे लेखी कळवा.

फॅक्टरी लायसन्सवर 'मॅनेजर' म्हणून कुणाचं नाव आहे ते आजच पाहा. तुमचं असेल तर मशीनच्या गार्डची जबाबदारीही तुमच्यावर येते. प्रेस तोवर बंद ठेवा आणि बटणांचे फोटो काढून ठेवा. चिकटपट्टी काढणं पुरेसं नाही. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबल्याशिवाय स्ट्रोक (प्रेसचा दणका) सुटू नये आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा मिळू नये, असा अँटी टाय-डाउन रिले बसवून घ्या. क्लच आणि ब्रेकही तपासा, कारण झिजलेल्या क्लचचा डबल स्ट्रोक दोन बटणं असूनही हात पकडतो.

मालकांना नकार तोंडी देऊ नका. 'खरी नोंद करून अहवाल पाठवण्याची परवानगी द्यावी' एवढ्या दोन ओळींचा ईमेल करा आणि त्याची प्रत घरी ठेवा.