टाकीतला यूरिया आधी जपा

प्रश्न : माझा एकच ट्रक आहे आणि तो मीच चालवतो. वॉरंटीत असतानाच डीईएफच्या (धूर शुद्ध करायला वापरतात तो यूरियाचा द्रव) क्वालिटीचा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, ‘यूरिया भेसळीचा आहे’ म्हणून टाकी रिकामी केली, सेन्सर बदलला, वॉरंटी नाकारली आणि पूर्ण बिल घेतलं. तीन आठवड्यांत तोच दिवा परत लागला. आता म्हणतात, तुमच्या यूरियामुळे कॅटॅलिस्टही (सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग) गेला, तो स्वखर्चाने बदला. एक मेकॅनिक म्हणतो, यूरियाच्या यंत्रणेला चकवणारी इलेक्ट्रॉनिक डबी बसवून ही भानगडच बंद करतो. काय करू?

उत्तर : गाडी आत्ता त्यांच्याकडेच उभी असेल, तर पुढचं वाचण्याआधी त्यांना ईमेल करा : माझ्यासमक्ष नमुना घेऊन सीलबंद केल्याशिवाय टाकीतला यूरिया काढू नये. पहिल्या वेळी त्यांनी टाकी ओतून टाकली आणि तुमचा यूरिया खरंच खराब होता का, हे तपासण्याचं साधनच गेलं. ते तुमच्या हातून गेलं, तसं त्यांच्याही.

स्कॅनरवरचा कोड म्हणजे निकाल नव्हे. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर द्रवातून अल्ट्रासाउंड लहर सोडतो. ती परत यायला किती वेळ लागला आणि द्रवाचं तापमान किती, यावरून यूरियाचं प्रमाण काढलं जातं. ते ३२.५ टक्क्यांच्या आसपास हवं. मात्र द्रवात हवेचे बुडबुडे असले, सेन्सरवर स्फटिक जमले, कनेक्टरमध्ये यूरिया झिरपून पांढरी पूड धरली किंवा अर्थिंग कच्चं असलं, तरी आकडा चुकू शकतो. म्हणून कोडही वेगवेगळे असतात : पी२०७एफ द्रवाच्या गुणवत्तेबद्दल शंका घेतो, तर पी२०६बी खुद्द सेन्सरबद्दल. जड गाड्यांत याच तक्रारीसाठी एसपीएन ३३६४ हा कोड दिसतो. त्याच्या पुढचा एफएमआय आकडा तक्रार द्रवाची आहे की विजेच्या जोडणीची, याचा अंदाज देतो. तुमच्या जॉबकार्डवर यातलं काय लिहिलं आहे? नुसतं ‘यूरिया खराब’ असेल, तर ते निदान नाही, मत आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून प्रमाण पाहायला काही मिनिटं लागतात. आयएसओ २२२४१ या मानकाची मर्यादा ३१.८ ते ३३.२ टक्के आहे. ते वाचन घेतलं होतं का, हे लेखी विचारा. स्कॅनरचा पूर्ण अहवालही मागा. संबंधित माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतली त्रुटी आहे.

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र पत्रात तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दुसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा टाकीत यूरिया कुणाचा होता? तो त्यांनीच भरला असेल आणि मध्ये तुम्ही भर घातली नसेल, तर यूरिया त्यांचा, सेन्सर नवा आणि दोष तोच. मग वायरिंगकडे कुणी पाहिलं का, हा प्रश्न त्यांना टाळता येणार नाही. मध्ये तुम्ही बाहेरून भरला असेल, तर त्या खरेदीची पावती शोधा. सुटा, बिनपावतीचा किंवा महिनोन्‌महिने उन्हात ठेवलेल्या कॅनमधला असेल, तर मला आधीच सांगा. समोरच्या वकिलाकडून ते ऐकायला मला आवडणार नाही.

‘निकृष्ट द्रव वापरल्यास वॉरंटी नाही’ ही अट सहसा करारात असतेच आणि ती सरसकट बेकायदा नाही. पण अट पुढे करणाऱ्यानेच ती लागू होते हे दाखवावं, असा मी युक्तिवाद करीन. तक्रार सिद्ध करण्याचा पहिला भार तुमच्यावर राहतोच, म्हणून नमुन्याचा एवढा आग्रह.

ट्रक म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही, असं ते म्हणतील. घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणाने या अपवादातून बाहेर राहते. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः ट्रक चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलं आहे. परवाना, हप्त्यांचे कागद आणि फेऱ्यांच्या नोंदी जपा.

आधी डीलर आणि उत्पादक दोघांना नोटीस द्या : बिलाची रक्कम परत, दोषाचं मोफत निवारण, गाडी बंद राहिली त्या दिवसांची भरपाई. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कलम ३८ खाली आयोग सीलबंद नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणी लागली तर निकाल पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चाला.

आता डबी. बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध केलेल्या बदलाला कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय ती डबी सापडली, की त्यांना वॉरंटी नाकारायला खरंखुरं कारण मिळेल. दिवा आणि कमी झालेला जोर हा आज तुमच्या बाजूचा पुरावा आहे. तो तुम्हीच पुसून टाकाल.

कॅटॅलिस्टच्या अंदाजपत्रकावर सही करू नका. तो गेला हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं, पुढच्या-मागच्या नॉक्स सेन्सरची (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे) वाचनं काय होती, ते लेखी मागा. गाडी सोडवायला पैसे भरावेच लागले, तर पावतीवर ‘हरकत नोंदवून’ असं लिहा आणि त्याच दिवशी ईमेलनेही कळवा.

आणि जुना सेन्सर परत मागा. नव्याचे पैसे तुम्ही दिलेत, काढलेला भागही तुमचाच. ‘तो कंपनीकडे वॉरंटीत पाठवला’ असं उत्तर आलं, तर ते लेखी घ्या. मग तुमच्याकडून पैसे कशाचे घेतले, हा माझा पहिला प्रश्न असेल.