टेक्सासमधील मावशीचे घर ‘ट्रान्सफर ऑन डेथ डीड’ने मिळाले, आता नावावर कसे करायचे?

हे डीड म्हणजे मालकाच्या मृत्यूनंतर घर कोणाला मिळावे, हे त्याने हयातीतच लिहून ठेवलेला दस्त; टेक्सासमध्ये ते 2015 पासून कायद्याने मान्य आहे. सर्वप्रथम, ते मावशीच्या हयातीतच संबंधित काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) क्लर्कच्या कार्यालयात नोंदवलेले होते का, हे पाहावे; कपाटात सही करून ठेवलेला, पण न नोंदवलेला कागद येथे निरुपयोगी ठरतो. नोंद झालेली असेल आणि लाभार्थी मावशीनंतर किमान 120 तास हयात असेल, तर मालकी प्रोबेटशिवाय (म्हणजे वारसाहक्काच्या न्यायालयीन प्रक्रियेविना) आपोआप त्याच्याकडे जाते. नंतर केलेल्या मृत्युपत्रानेही हे डीड रद्द होत नाही, ही गोष्ट आपल्याकडील अनेकांना खटकते.

मालकी आपोआप आली तरी दप्तरात ती दिसावी, म्हणून मृत्यूबाबतचे प्रतिज्ञापत्र त्याच काउंटीत नोंदवावे आणि सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत जोडावी. त्यात जुन्या डीडचा नोंदणी क्रमांक आणि मिळकतीचे कायदेशीर वर्णन मूळ डीडप्रमाणे अक्षरशः उतरवावे. केवळ घराचा पत्ता पुरेसा नसतो. आपण पुण्यात बसून सही करणार असाल, तर नोटरीनंतर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचे सरकारी प्रमाणीकरण) करून घेणे श्रेयस्कर.

घरावरील कर्ज आणि थकीत मालमत्ताकर घराबरोबरच येतात. शिवाय मृताची इतर मालमत्ता देणी फेडण्यास अपुरी पडल्यास घरावरही दावा होऊ शकतो आणि त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असल्याने तोवर विक्रीच्या वेळी टायटल कंपन्या (मालकीहक्क तपासून त्याचा विमा देणाऱ्या कंपन्या) हात आखडता घेतात. विक्रीपूर्वी तेथील वकिलाला एकदा कागद दाखवावेत, कारण परदेशी विक्रेत्याच्या रकमेतून सामान्यतः 15 टक्के करकपात होते.