‘असल्या जगात आणखी एक जीव कशाला?’

“मॅडम, जग दिवसेंदिवस वाईटच होत चाललंय ना?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, पदरी लहान मूल असलेले. चिपळूणच्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाजारपेठेत तळमजल्यावर दुकान. २२ जुलै २०२१ च्या पुरात माल, फर्निचर, उधारीच्या वह्या, सगळं चिखलात गेलं. दुकान पुन्हा उभं राहिलं, पण पावसाचा जोर वाढला की हे गृहस्थ रात्री उठून रस्त्यावर पाणी चढलंय का बघायचे. मग झोप कसली? हातात फोन, त्यावर युद्धं, वादळं, उपासमार, पहाटेपर्यंत. एक मुलगी आहे. दुसऱ्या मुलाचा विषय काढला की म्हणायचे, “असल्या जगात आणखी एक जीव कशाला आणायचा?” त्यांना घेऊन आली ती त्यांची बायको. “हे आधी असे नव्हते हो,” एवढंच ती म्हणाली.

घर समजून घ्यायला मी कागदावर तीन पिढ्यांची माणसं मांडते. आजीच्या नावाखाली त्यांनी चार मुलं लिहिली. “एकदा आजींना विचारून या,” मी म्हटलं. विचारून आले तेव्हा चेहरा उतरला होता. मुलं झाली होती सात. एक गोवरानं गेलं. दोघांची पाचवी पुजली आणि लगेचच बाळानं दूध तोडलं, जबडा आवळला, अंग ताठ झालं. हा धनुर्वात. नाळ कापायला घरातलाच विळा, आईला लस नाही. तेव्हा हे पुष्कळ घरांत घडायचं. आजी नातवाला म्हणाली, “सगळ्यांचीच जायची रे तेव्हा.”

तिथून आम्ही जगाबद्दल बोललो. १९९० साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं एका वर्षात दगावली. २०२२ मध्ये हा आकडा ५० लाखांच्या खाली आला. आजही तो भयंकर आहे, पण निम्म्याहून कमी. १९९० मध्ये जगातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं अत्यंत गरिबीत होती, २०१९ पर्यंत दहातलं साधारण एकच उरलं होतं. देवी रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. भारत २०१४ साली पोलिओमुक्त ठरला, आणि ज्या धनुर्वातानं आजींची दोन बाळं नेली, तो आई-बाळांच्या आरोग्याला असलेला मोठा धोका म्हणून २०१५ मध्ये देशातून हटल्याचं जाहीर झालं. गरोदर बाईला लस, स्वच्छ पातं, दवाखान्यातलं बाळंतपण आणि वाडीवाडीत चढउतार करत फिरणाऱ्या नर्सबाई, यांनी हे घडवलं. या बायांचं नाव बातमीत कधी येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते ऐकून घेत होते, मग एकदम चिडले. “म्हणजे माझं दुकान बुडालं ते काहीच नाही?”

त्यांचा राग रास्त होता. अरबी समुद्रातली वादळं वाढली आहेत, ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ही चक्रीवादळं कोकणानं लागोपाठच्या वर्षांत सोसली. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसं घरदार सोडून परागंदा होती. जग सुधारलं म्हणून वाशिष्ठी नदीचं पाणी चढायचं थांबत नाही. म्हणून मी प्रश्न दोन केले. जग एकूण कुठे चाललंय, याला आकड्यांत उत्तर आहे आणि ते बरंचसं आशेचं आहे. माझ्या बाजारपेठेत पुन्हा पाणी आलं तर काय, याला आकडे पुरत नाहीत, तिथे तयारीच लागते. त्यांच्या मनात हे दोन्ही एक होऊन बसले होते, आणि पुराची भीती साऱ्या पृथ्वीवर पसरली होती.

तयारीचं काम त्यांनी जोमानं केलं. कागदपत्रं आणि वह्या वरच्या मजल्यावर, महागडा माल उंच फळ्यांवर, दुकानाचा विमा, पाणी कुठवर आलं की कुणी काय उचलायचं हे घरात ठरलेलं. रात्री नऊनंतर फोन बायकोकडे. पावसाच्या रात्री छाती धडधडली तर करायचे श्वासाचे व्यायाम आम्ही बसून पक्के केले. झोप हळूहळू परतली, तरी जुलै महिना त्यांना अजून जड जातो.

दुसऱ्या मुलाचं अजून ठरलेलं नाही, आणि ते मी सुचवणार नाही, तो त्या दोघांचा निर्णय. पण आता त्या चर्चेत जगाचा अंत येत नाही. दुकानाचं कर्ज किती उरलंय, मुलगी शाळेत कधी जाईल आणि आजी किती वर्षं हाताशी आहेत, यावर दोघं बोलतात.