मुंजीच्या डीव्हीडीची कॉम्प्युटरवर कॉपी कशी काढू? मध्येच एरर येतो

तुम्ही लिहिलंय की २००७ सालची मुंजीची डीव्हीडी आहे, घरातला प्लेअर कधीच भंगारात गेला आणि लॅपटॉपवर फाईली ओढून टाकल्या की निम्म्यात एरर येतो. ताईच्या लग्नाच्या डिस्कला माझंही हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ते ओढून टाकणं थांबवा. डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसत असेल. त्यात व्हीओबी फाईली, म्हणजे शूटिंगचे तुकडे असतात, एकेक साधारण एक जीबीचा. विंडोजला अशा फाईलमध्ये एक जागा जरी वाचता आली नाही तरी ते अख्खी फाईल टाकून देतं. म्हणजे केसभर ओरखड्यापायी वीस-पंचवीस मिनिटांचं शूटिंग गेलं. आपण पुन्हा ‘ट्राय अगेन’ दाबतो, ड्राइव्ह पुन्हा त्याच जागी घरघरतो, आणि अर्धा तास तेच.

डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. बोटांचे ठसे असतील तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, कारण गोल ओरखडा डेटाच्या रेषेलाच समांतर जातो आणि तो वाचणं सगळ्यात अवघड. टूथपेस्टचे उपाय लोक सांगतील, त्यांच्या नादी लागू नका. शूटिंगवाल्याने वर कागदी स्टिकर चिकटवला असेल तर तोही ओढून काढू नका. स्टिकरमुळे डिस्क जोरात फिरताना थरथरते हे खरं, पण त्याला उपाय वेग कमी करणं हा आहे.

आता मुख्य काम. सुट्या फाईली नकोत, अख्ख्या डिस्कची इमेज काढा, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एकाच आयएसओ फाईलमध्ये. विंडोजवर इमबर्न (ImgBurn) हा जुना, फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात डिस्कवरून इमेज बनवायचा पर्याय निवडा, वाचनाचा वेग सगळ्यात कमी ठेवा आणि सेटिंगमध्ये वाचताना आलेल्या चुकांकडे दुर्लक्ष करायला सांगा. मग न वाचलेल्या जागी तो रिकामं भरून पुढे सरकतो. बघताना तिथे क्षणभर चित्र फाटतं, एवढंच. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात (विंडोज ते ४.३७ दाखवतं, घाबरू नका), तेवढी जागा मोकळी हवी.

डिस्क फारच रुसली असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू (ddrescue) हे खराब डिस्क वाचायचं साधन वापरा. ते आधी चांगला भाग पटापट उचलतं, मग खराब जागांकडे वळतं, आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद एका फाईलमध्ये ठेवतं. त्या नोंदीमुळेच माझं काम झालं. माझ्या यूएसबी ड्राइव्हला अंतरपाट धरल्यापासून पुढचा तुकडा काही केल्या वाचता येईना. तीच नोंद-फाईल आणि अर्धवट इमेज घेऊन मित्राच्या जुन्या डेस्कटॉपवर बसलो, त्याच्या ड्राइव्हने बहुतेक सगळं वाचलं. ड्राइव्हा-ड्राइव्हात इतका फरक पडतो. शेवटी गेले ते काही सेकंद, तेही नेमके मामा अक्षता टाकत असताना. मामा अजून ऐकवतात.

आयएसओ झाली की व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून शेवटपर्यंत बघा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मगच फोनसाठी एमपी४ करायच्या मागे लागा. हा क्रम उलटा करू नका. मी आधी डिस्क एका दुकानात दिली होती. त्यांनी साडेतीनशे एमबीची फाईल हातात ठेवली, पैठणीच्या काठाचे चौकोन झालेले आणि मंगलाष्टकं चालू असताना खाली दुकानाचा फोन नंबर.

एमपी४ साठी हँडब्रेक (HandBrake) हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात डीइंटरलेस चालू करा, नाहीतर कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. क्वालिटी २०च्या आसपास ठेवा. चित्र मुळात ७२० बाय ५७६ चं आहे, ते एचडी करायच्या फंदात पडू नका. सिनेमाच्या डिस्कला असतं तसं कुलूप घरच्या डिस्कला नसतं, त्यामुळे तोडफोड काही करावी लागत नाही. आजोबांना डिस्कच हवी असेल तर त्याच आयएसओवरून इमबर्नने कोऱ्या डीव्हीडीवर ४एक्स किंवा ८एक्स वेगाने बर्न करा आणि व्हेरिफाय चालू ठेवा.

डिस्क घातल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर दिसला तर ती डीव्हीडी नव्हे, व्हीसीडी. तिथे आयएसओ चालत नाही. त्यातल्या डॅट फाईली घ्या, व्हीएलसी त्या वाजवतो. आणि हँडीकॅमची छोटी, ८ सेंटीमीटरची डिस्क कोरी दिसत असेल तर बहुधा ती फायनलाईज करायची, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता येईल अशी बंद करायची राहिली आहे. तोच कॅमेरा कुणाच्या माळ्यावर आहे का ते आधी शोधा, त्यात घालून फायनलाईज केली की लॅपटॉपला दिसेल. तोवर कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करू का’ विचारेल, नाही म्हणा.