सोयाबीनच्या मुळांवर गाठी दिसतायत, हा निमॅटोड आहे का?

दादा, पीक उपटायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की दिंडोरीतल्या याच रानात आधी टोमॅटो होता, त्याला निमॅटोड (मुळात शिरणारे बारीक कृमी) लागला होता आणि आता दीड महिन्याच्या सोयाबीनला तशाच गाठी आल्यात. तशाच आहेत का, ते आधी बघा.

झाड ओढून काढू नका, गाठी मातीतच राहतात. कुदळीने मातीसकट काढून बादलीत मुळं बुचकळा. मग एक गाठ नखाने ढकला. मण्यासारखी सुटून आली तर ती रायझोबियमची, म्हणजे हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंची. निमॅटोडची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच फुगलेलं असतं.

सुटलेली गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल दिसलं तर खुशाल राहा, नत्र बांधायचं काम चालू आहे. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. गंमत अशी, की जिवाणूंना जगायला ऑक्सिजन लागतो, पण नत्र बांधणारं त्यांचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननेच निकामी होतं. म्हणून हे लाल द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि बेताबेतानं पुरवतं. गाठ आतून पांढरी असेल तर ती कोवळी किंवा कुचकामी, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलेलं.

हे जिवाणू चोरून शिरत नाहीत, मूळच त्यांना आवतण देतं. मुळातून फ्लॅवोनॉइड नावाची द्रव्यं पाझरतात. ती ओळखून जिवाणू उलट निरोप देतात, तसं मुळावरचं केस काठीच्या मुठीसारखं वळतं आणि त्यांना कवेत घेतं. पुढं अर्धेलीचा व्यवहार: झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतात. हवेत ७८ टक्के नत्रच आहे, पण झाडाला ते थेट घेता येत नाही. मात्र झाड पक्कं हिशेबी. वरून युरिया भरपूर मिळाला की साखर कशाला वाटायची म्हणून गाठी कमी धरतं. तेव्हा लाल गाठी दिसल्या तर युरियाचं पोतं तूर्त फोडू नका.

माझ्या निफाडच्या रानात एका वर्षी गाठी जवळजवळ धरल्याच नाहीत. चूक माझीच. जिवाणू संवर्धकाची पाकिटं दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत तापली, वर बुरशीनाशकाच्या घमेल्यातच कालवली. आता आधी बुरशीनाशक लावून बी सुकवतो. मग १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यात, शेवटी स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि सावलीत वाळवून लगेच पेरणी. हात हलका ठेवायचा, सोयाबीनचं साल लगेच निघतं. पाकीट सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचं चालत नाही.

आणि हो, एकाच मुळावर दोन्ही गाठी असू शकतात. तुमच्या रानाचा इतिहास बघता चार-पाच ठिकाणची झाडं काढून बघा, खुरटलेल्या पट्ट्यातली आधी.